तेहतीसवर लागलेली तबकडी

सोमवार, ४ मार्च
लाँड्रीच्या काउंटरवरून

चि. ठोक्या,

अनेक आशीर्वाद, आणि आधी पोचपावती. तबकडी पोचली. फुटली नाही, वाकली नाही. खोक्यात तू एवढे जुने टीशर्ट कोंबले होतेस की लाँड्रीवाल्याला वाटलं, पोरानं धुवायलाच पाठवलेत. त्यानं ते खरोखर धुतले, इस्त्री केली आणि चिठ्ठ्या टाचून माझ्या हातात दिले. एकाची काख उसवली आहे, ती शिवून ठेवते.

इकडचं सगळं ठीक. थंडी ओसरली की लोक कोट धुवायला टाकतात आणि तेव्हा त्यांना कसरीनं पाडलेली भोकं दिसतात. म्हणजे सध्या माझा हंगाम. काउंटरमागं कोटांची रांग लागली आहे आणि मी एकेकाच्या पाठीत तोंड खुपसून रफू करते आहे. डोळे लवकर थकतात, बाकी काही नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. घरी फोनवर निवांत बोलणं होत नाही, आणि मोबाइलवर ती बोटं नाचवणं मला या जन्मी जमणार नाही. काउंटरवर दुपारी जरा शांत असतं. मागं वाफेची इस्त्री फुसफुसत असते तेवढीच. तर इथूनच लिहिते. तूही इथल्याच पत्त्यावर लिही.

आता तुझ्या अल्बमबद्दल. पहिल्यांदा लावला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून गाणं सुरू व्हायची वाट बघत बसले. म्हटलं, आता सुरू होईल, आता होईल. पियानो आला, तोच परत आला. ड्रम आला, तोही परत आला. मग जरा खरखर झाली आणि पहिलं संपलंसुद्धा! म्हटलं, वाजवणारे वेळेवर आले, गाणारी बाईच रस्त्यात कुठं अडकली वाटतं.

दुसऱ्या दिवशी वाट बघणं सोडून दिलं आणि मग ते कानात शिरलं. माझा दिवस कसा जातो ते तू लहानपणापासून बघतो आहेस. गिऱ्हाईक सांगतं, मालक सांगतो, घरी आले की टीव्हीतली बाई सांगते. गाणं लावावं तर त्यातली बाई रडून रडून सांगते. दमलेल्या माणसाला कुणी काही सांगू नये असं वाटतं रे. तुझ्या तबकडीवर कुणी काही सांगत नाही. तोच तुकडा जातो आणि परत येतो, जातो आणि परत येतो. कुणीतरी आपलं डोकं चेपून देतंय आणि वर काही विचारतही नाही, तसं.

आणि ही हिप-हॉपवाली मंडळी कुठल्या कुठल्या जुन्या तबकड्यांतून असे तुकडे उचलतात ते तू मला पूर्वी समजावायचास, तेव्हा मी नुसतं हूं हूं करायचे. आता थोडं कळलं. मी कोटाला रफू करते तेव्हा दोरा बाजारातला चालत नाही, रंग जुळत नाही. त्याच कोटाची आतली दुमड उलगडायची, कुणाला न दिसणारा धागा तिथून ओढून काढायचा आणि भोकावर विणायचा. तूही तेच करतोस. कुठल्या तरी विसरलेल्या गाण्याच्या दुमडीतला पियानो काढून आणतोस. तो वाजवणारा आपला पगार घेऊन घरी गेला असेल, कुणी त्याला विचारलंही नसेल की तू काय वाजवलंस. गाणारी बाई बाजूला झाली तेव्हा तो मला दिसला. फरक एवढाच की माझ्या कामात जोड दिसला तर गिऱ्हाईक भांडायला येतं. तुझ्या कामात जोड ऐकू आला की माझी मान हलते.

एकच तक्रार. फार संथ आहे रे सगळं. तिसऱ्यात ती टकटक आहे ना, दमलेल्या घोड्यासारखी? तुझ्या वयात इतकं दमायला काय झालं? जेवतोस ना वेळेवर? आणि दुसऱ्या बाजूला कुणी म्हातारा आहे, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा दोन शब्द बोलतो. तो कुठून आणलास? काय म्हणतो तेही कळलं नाही.

चिठ्ठीत तू विचारलं आहेस, बाबांनी ऐकलं का. आणि खाली लिहिलंस, ‘त्यांना काय वाटलं ते त्यांनीच सांगावं. तू त्यांच्या वतीनं सांगू नकोस.’ बरं, नाही सांगत. ऐकतात एवढं लिहिलं तर चालेल ना? रोज ऐकतात. खुर्ची प्लेअरजवळ ओढून घेतली आहे, तिथं बसतात. बोलत नाहीत, त्याला आपण काय करणार?

टीशर्ट कुणाबरोबर पाठवता आले तर पाठवते. मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
आई

◆

मंगळवार, १९ मार्च
काउंटरवरूनच

ठोक्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. पुन्हा पुन्हा वाचल्या म्हणून पाठ झाल्या. ‘आई, त्या अल्बममध्ये एकही संथ बीट नाही. ती टकटक तुझ्या शिलाई मशीनची आहे आणि घागरीतला म्हातारा म्हणजे बाबा आहेत. त्यांना स्वतःचा आवाज कळला असणार, तरी ते गप्प आहेत. मला उत्तर मिळालं, यापुढं त्यांच्याबद्दल काही लिहू नकोस, मी बीट करायचं सगळं सामान विकून टाकतोय.’

मी लाँड्रीवाल्याला सांगून लवकर घरी गेले. तबकडी काढून चष्मा लावून बघितली. मधल्या गोल कागदावर तू तिळाएवढ्या अक्षरात ४५ छापलं आहेस. प्लेअरचा वेगाचा खटका बघितला तर तो तेहतीसवर! आपल्याकडच्या सगळ्या जुन्या तबकड्या तेहतीसच्या, तो खटका कुणी कधी हलवलाच नव्हता. मी तो पंचेचाळीसवर सरकवला आणि घरात माझी मशीन सुरू झाली. खरी मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेली, आणि इकडे ती पळते आहे! पायडल दाबला की पहिल्या दोन टाक्यांना ती अडखळते, ते अडखळणंसुद्धा तू ठेवलं आहेस. घरच्या मशीनला दमलेला घोडा म्हटलं मी. हस बाबा, हस.

मग दुसरी बाजू लावली.

“हं, बोला.”

मी खाली फरशीवरच बसले. बसस्टँडवरची चौकशीची खिडकी, काचेला पडलेलं ते हाताएवढं गोल भोक, आणि त्यातून येणारा त्यांचा आवाज. शाळेच्या सुट्टीत तू तो कॅसेटवाला रेकॉर्डर घेऊन खिडकीच्या आत स्टुलावर बसायचास आणि तुझे बाबा रुबाबात लोकांना सांगायचे, “हे आमचे नवे साहेब, तपासणीला आलेत.” त्या कॅसेटी तू जपल्या असशील असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. नाहीतर परत कुणाच्या तरी कोटात डोकं घालून बसेन.

तुझे बाबा गप्प नाहीत, ठोक्या. त्यांना बोलता येत नाही.

यंदाची थंडी पडायला लागली होती. सकाळी दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, वस्तरा हातातून सुटलेला, आणि दारात येऊन मला काहीतरी सांगायला लागले. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यात राहिलो. पाय बराच परत आला, काठी घेऊन चालतात. हात थोडा आला. बोलणं आलं नाही. समजतं सगळं, तुझ्यामाझ्याइतकं. पण मनात ‘पाणी’ असतं आणि तोंडाशी काहीच नसतं.

घरी आणलं त्या दिवशी मी आधी तुला फोन लावायला घेतला. नंबर फिरवते तोवर ते काठी टेकत आले. रिसीव्हर काढून खाली ठेवला आणि डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. डोळे भरले होते. नाही सांगत, म्हणून मी मान डोलावली. आयुष्यभर ज्यानं बोलण्यावर पोट भरलं त्याला पोरासमोर मुकं दिसायचं नव्हतं. आणि पोरगा तरी कुठला, तर तू. जाताना तू काय बोलून गेला होतास ते तुला आठवत असेलच.

ते म्हणाले होते, “दुसऱ्याच्या कोटाची बटणं कापायची, आपल्या सदऱ्याला लावायची आणि सांगत फिरायचं, शिवण माझी!” आणि तू ताटावरून उठत म्हणालास, “आणि तुम्ही काय केलंत, बाबा? दुसऱ्यानं छापलेलं वेळापत्रक जन्मभर वाचून दाखवलंत. तुमचा स्वतःचा एक तरी शब्द होता का त्यात?”

मी दोघांनाही बोलणार होते. पण तोवर तू जिन्यात होतास आणि हे हात धुवायला गेले होते.

म्हणून मी तुला काही कळवलं नाही. मान डोलावली होती ना त्यांच्यासमोर, ती मोडवेना. घरातून फोन करावा तर ते चार पावलांवर बसलेले असतात, ऐकतात. तू लाँड्रीत फोन केलास की मी म्हणायचे, “बाबा झोपलेत, बाबा फिरायला गेलेत.” त्यांची झोप आणि त्यांचं फिरणं एवढं कधी नव्हतं रे. तुला संशयसुद्धा आला नाही, कारण तुला वाटत होतं ते रुसलेत.

पण आता तू सामान विकायला निघालास. मग मी ती मान सांभाळून काय करू?

आता तबकडीचं ऐक. हे तुला कळायलाच हवं.

तेहतीसवर लागत होती ना, तेव्हा मला तो आवाज ओळखू आला नाही, पण त्यांना पहिल्याच दिवशी आला असणार. दुसरी बाजू लागली की ते डाव्या हाताचं बोट वर करायचे. मला वाटायचं, आवाज कमी कर म्हणताहेत. मी कमी करायचे, ते चिडायचे. चारपाच दिवस आमचं हे चाललं होतं. मग एक दिवस मी भाजी चिरत होते आणि मागून दोन आवाज आले. एक घागरीतल्या म्हाताऱ्याचा आणि दुसरा त्याला चिकटून.

“हं... बो... ला.”

सुरी हातात तशीच घेऊन मी वळले. ते खुर्चीच्या हातावर डाव्या हातानं ठेका धरत होते आणि तुझा तो तुकडा परत आला की त्याच्याबरोबर बोलत होते. परत आला की परत. घाम आला होता त्यांना. मी चिरलेली भाजी तशीच ठेवून त्यांच्यापुढं बसले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “हं, बोला.” तबकडीच्या आधाराशिवाय. नुसते. त्यांचे.

तेव्हाही मला कळलं नाही की ज्याच्याबरोबर बोलताहेत तो आवाज त्यांचाच आहे. मला वाटलं, म्हातारा बरा भेटला जोडीला.

बोलणं शिकवायला स्पीचवाल्या बाई येतात, त्यांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. बोलायची नेहमीची वाट बंद झाली तरी ठेक्याबरोबर कधी कधी शब्द दुसऱ्या वाटेनं येतो. त्यांनी तबकडी ऐकली. “हे कुणी केलं?” “मुलानं.” “एवढं संथ मुद्दाम केलंय का?” मी म्हटलं, असेल. मला काय माहीत! परवा मी खटका बरोबर करून पंचेचाळीसवर लावली, तर ह्यांनी खुर्चीवर हात आपटला आणि मान हलवली. जमेना त्यांना त्या वेगानं. स्वतःच्याच जुन्या आवाजाच्या मागं पळता येईना. मी खटका परत तेहतीसवर केला. तिथं ते आणि तो आवाज, दोघंही सारख्याच चालीनं चालतात.

तर आमच्याकडं आता दोन शब्द आहेत, आणि ते सगळ्याला पुरवून वापरायचे. चहा दिला की हं बोला. चहा गार असला की हं बोला. स्पीचवाल्या बाई दारात दिसल्या की हं बोला, आणि त्या म्हणतात, “काका, मी बोलायला नाही आले, तुम्हाला बोलतं करायला आलेय.” कुत्रं भुंकलं तरी हं बोला. मला तर लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं मानानं बोलवताहेत. वरच्या मजल्यावरचे मास्तर आठवतात ना? पूर्वी आले की ह्यांच्यापुढं त्यांना तोंड उघडायला मिळायचं नाही. आता रोज येतात. हे मधूनमधून हं बोला म्हणतात आणि मास्तर बोलत सुटतात. पित्ताशयाचं ऑपरेशन, सूनबाई, पेन्शन, सगळं सांगून झालं. जाताना मला म्हणाले, “वहिनी, काय सुधारलेत हो हे! किती छान ऐकून घेतात!” मी जिन्याकडं तोंड करून हसले. मग रडले. मग कुकर लावला.

सगळं गोड करून सांगत नाही. वीट येतो. सकाळी उठल्यापासून तेच दोन शब्द, नि मधे मधे ती तबकडी. एक दिवस मी तबकडीवरची सुई उचलून ठेवली, न्हाणीघरात गेले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिले. नळ सोडला होता, म्हणजे त्यांना वाटावं कपडे धुते. बाहेरून ते म्हणत होते, “हं, बोला. हं, बोला.” बंद केलेली तबकडी परत लाव म्हणत होते. कळत होतं मला. उठवत नव्हतं.

तुझा अल्बम ऐकूनच मला त्यांचं ऐकता यायला लागलं, हे मात्र खरं. तू तोच तुकडा सारखा आणतोस, पण त्याच्या खालचं बदलत नेतोस. कधी खाली ड्रम, कधी नुसता पियानो, कधी काहीच नाही, फक्त खरखर. तुकडा तोच आणि दरवेळी अर्थ निराळा. मी आता शब्द ऐकतच नाही, खालचं ऐकते. बोट हललं का, श्वास कसा आहे, डोळे कुठं आहेत. चहा गार झालाय आणि दुखतंय, यातला फरक मला आता चुलीपासून कळतो.

गिऱ्हाईक आलं. लाँड्रीवाला हाका मारतोय, “ताई, ते करड्या कोटाचे साहेब आलेत, आणि कोट अजून तुमच्या मांडीवर!” उरलेलं

◆

रविवार, २४ मार्च
घरातून

चि. ठोक्या,

सोबतचं पत्र मी टाकलं नाही. त्या दिवशी पाकिटात घातलं, चिकटवलं, आणि पोस्टाच्या पेटीजवळ जाऊन परत आले. त्यांच्या पाठीमागं त्यांचं सांगायचं, हे काही बरं वाटेना. ॲप्रनच्या खिशात ते घेऊन फिरत होते. आज सुट्टी. सकाळी त्यांची दाढी मी करते हल्ली. ती झाली, गाल पुसला, आणि म्हटलं, “ऐका. मी ठोक्याला सगळं लिहिलंय. टाकलेलं नाही. वाचून दाखवते. नको वाटलं तर फाडून टाका, डाव्या हातानं फाडता येतं तुम्हाला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग काठी बाजूला ठेवली.

मी वाचलं. दाढीचं आलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मास्तरांचं आलं तेव्हा खांदे हलले. न्हाणीघरातली बादली मी गाळणार होते, पण त्यांना बहुतेक माहीत होतं. मी थांबले तर त्यांनीच बोटानं पुढं वाच म्हणून सांगितलं. मग तुझं ते वाक्य आलं, तुमचा स्वतःचा एक तरी शब्द होता का. मी भीत भीत वाचलं. आणि ते हसले रे. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले,

“हं, बोला.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. वेळापत्रकात गाड्या छापलेल्या होत्या, वेळा छापलेल्या होत्या, फलाट छापलेले होते. ‘हं, बोला’ कुठंच छापलेलं नव्हतं. ते त्यांचं होतं. शेजारच्या खिडकीतला माणूस लोकांना “काय आहे?” म्हणून खेकसायचा. लोक तिकडची रांग सोडून ह्यांच्या रांगेत यायचे, ते त्या दोन शब्दांसाठी.

आणि तूही तेवढंच ठेवलं आहेस. कॅसेटीवर तासन्‌तास बोलणं असेल, गावांची नावं, गाड्यांचे नंबर, लोकांचे प्रश्न. सगळं कापून टाकलंस. छापलेलं सगळं टाकलंस आणि त्यांचं तेवढं निवडून घेतलंस. मी जेवणाच्या भांड्यांपुढं उभी राहून विचार केला आणि मला वाटलं, पोरानं माफी मागितली आहे. तोंडानं मागता आली नाही म्हणून तबकडी करून पाठवली. चूक असेल तर कळव. पण आज त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मला प्लेअरकडं हात केला.

दुसरी बाजू लावली. तेहतीसवर. आवाज येतो, “हं, बोला,” आणि त्याच्यामागं तू एक रिकामी जागा सोडली आहेस. ड्रम चालू असतो, पण तिथं कुणी बोलत नाही. प्रश्न विचारणाऱ्याची जागा आहे ती. आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज त्या जागेत दरवेळी ते दाराकडं बघत होते. आवाज यायचा, ते दाराकडं बघायचे. परत यायचा, परत बघायचे. बाजू संपली, सुई कडेला खर्र खर्र करत राहिली, तरी बघत होते.

मी विचारलं, “टाकू का पत्र?”

“हं,” म्हणाले. थोडं थांबले. “बोला.”

हे मी कितीही वेळा ऐकलं असलं तरी असं ऐकलं नव्हतं. लिहायला मी लगेच त्यांच्यासमोरच बसले आहे. ते बघताहेत. पहिलं पत्र मी लाँड्रीतून लपून लिहिलं, दुसरंही. हे टेबलावर, उजेडात. म्हणून अक्षर जरा बरं आलं असेल.

तेव्हा आता सामान विकू नकोस. विकलं असशील तर परत आण, कसंही कर. स्पीचवाल्या बाई म्हणतात, असेच आणखी छोटे शब्द ठेक्यावर मिळाले तर बघता येईल, खात्री देत नाहीत. तुझ्या कॅसेटींत त्यांचं ‘पाणी’ असेल का कुठं? ‘बस’ असेल, ‘नको’ असेल. मला मारलेली हाक असेल का, बघ. ती मिळाली तर मला आवडेल. वेग मात्र आमचा धर. पुढच्या वेळी तबकडीवर ४५ छापायचं असेल तर मोठं छाप, नाहीतर छापूच नकोस.

आणि फोन कर. घरच्या नंबरवर, लाँड्रीत नाही. मी रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरीन. ते काय म्हणतील ते तुला पाठ आहे, तूच कापून काढलं आहेस. त्यानंतर थोडा वेळ काही ऐकू येणार नाही. फोन कटला असं समजू नकोस. ती तुझी जागा आहे. तिथं तू बोल. भरभर नको, त्यांना झेपेल एवढ्या चालीनं.

जेवणाआधी कर. नंतर ते दमतात.

मीही दमते. पहिल्या पत्रात मजेत आहे म्हणून लिहिलं ते खोडून टाक. हात धरून बाथरूमला नेते, परत आणते, मग दिवसभर दुसऱ्यांच्या कोटांची भोकं बुजवते आणि घरी येऊन त्या दोन शब्दांच्या खालचं ऐकत बसते. करते मी, तक्रार नाही. पण एकटीला जमत नाही रे आता. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. फोन झाल्यावर दोन दिवस तरी ये. टीशर्ट शिवून, घडी करून कपाटात ठेवलेत, रिकाम्या हातानं आलास तरी चालेल.

तुझी दमलेली,
आई